व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं, आता घरी कसं सांभाळायचं?

ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी दारात गॅसचा सिलिंडर येऊन पडला. काकी म्हणाली, "बाबू, ह्यो जरा आत घे रे." घेतला. माझं कसलं ऑपरेशन झालंय ते घरात बायको सोडून कुणालाच माहीत नव्हतं. बाकीच्यांना 'पोटात दुखत होतं, कोल्हापूरला दाखवून आलो' एवढंच सांगितलेलं. भरलेल्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकीही जवळजवळ तेवढ्याच वजनाची, म्हणजे सगळं मिळून ३० किलोच्या घरात. दिवेलागणीला वृषणाच्या पिशवीची डावी बाजू मोसंब्याएवढी झाली होती.

आत रक्त साकळलं होतं. पुन्हा उघडावं लागलं नाही, तीन आठवड्यांत आपोआप जिरलं. पण ते तीन आठवडे माझे मीच ओढवून घेतलेले. 'वजन उचलू नये' हे सर्जनने कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं. आमच्या कोकणात, आंब्याच्या, होड्यांच्या आणि पाखाड्यांच्या (जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटांच्या) मुलुखात ते पाळायचं कसं, हे कागदावर नव्हतं. ते इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

लोकांना काय सांगायचं ते आधी ठरवा

व्हेरिकोसील म्हणजे वृषणाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरा फुगणं, पायातल्या व्हेरिकोज व्हेन्सचाच भाऊबंद. शंभर पुरुषांत साधारण १५ जणांना ते असतं, आणि मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्यांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जातं. बहुतेक वेळा डावीकडेच, कारण डावी शीर लांब असते आणि वर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. उजवी मोठ्या शिरेत तिरकी, सरळ वाटेनं शिरते. दुखणं एवढं साधं आहे. पण त्यात 'मूल' हा शब्द आला की वाडीत गोष्ट कुठल्या कुठं जाते, म्हणून माणूस गप्प बसतो. आणि गप्प बसलेल्या, धडधाकट दिसणाऱ्या तिशीतल्या माणसाला दिवसभर कामं सांगितली जातात: रहाटाचं पाणी, भाताचं पोतं, आंब्याचा क्रेट. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नसतं.

माझा तोडगा असा. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला खरं सांगा, ज्याचा शब्द चालतो त्याला. बाकीच्यांना 'हर्नियाचं छोटं ऑपरेशन' म्हणून सांगा. छेद साधारण तिथंच, जांघेजवळ असतो. पथ्यंही जवळपास तीच. आणि आपल्याकडे घरटी एक तरी हर्निया झालेला काका असतोच, तो तुमच्या वतीनं ओरडत राहतो, "तेका वजन उचलूक लाव नकात!" अपेंडिक्स मात्र सांगू नका. ते उजवीकडे असतं हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, आणि तुम्ही डावी जांघ धरून चालत असता.

डिस्चार्ज कार्डावर पद्धत कोणती लिहिली आहे?

पुढचं बरंचसं यावर ठरतं, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. मायक्रोस्कोपखाली, जांघेखाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन शिरा बांधल्या असतील तर शिरा परत फुगण्याचं आणि वृषणाभोवती पाणी साठण्याचं प्रमाण सगळ्यात कमी, एक-दोन टक्क्यांच्या आसपास. दुर्बिणीतून, म्हणजे लॅप्रोस्कोपीनं केलं असेल तर पोटावर तीन छोटी भोकं असतात, आणि पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. जांघेत ऑपरेशन आणि दुखतोय खांदा, म्हणून लोक घाबरतात. पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली थोडा उरतो आणि त्या पडद्याची नस खांद्याशी नातं सांगते, बाकी काही नाही. थोडं थोडं चालत राहिलं की जातं. जुन्या पद्धतीच्या, मायक्रोस्कोपविना केलेल्या उघड्या ऑपरेशनात दोन्ही धोके जास्त. एम्बोलायझेशनमध्ये छेदच नसतो. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेतून नळी घालून आतून शीर बंद करतात. त्यांचं बरं होणं सगळ्यात लवकर, पण पहिला आठवडा वजन त्यांनाही बंदच.

घाट उतरून घरी येताना

आपल्याकडून बरेच जण ऑपरेशनला कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातात, आणि ऑपरेशन त्याच दिवशी घरी सोडण्याजोगं असतं. तरी कोल्हापूरला झालं असेल तर एक रात्र तिथंच, पाहुण्यांकडे काढा, असं मी सांगेन. फोंडाघाट काय, करूळ काय, वळणं आणि खड्डे तेच. मध्येच रक्तस्राव वाढला तर राधानगरीच्या जंगलात मोबाइललाही रेंज नसते. निघाल्यावर गाडीत पुढची सीट मागे कलंडून घ्या, मांड्यांमध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे पिशवीला खालून आधार मिळतो. दर तासाभरानं उतरून चार पावलं चाला. एसटीची मागची सीट नको. मुंबईहून येत असाल तर रेल्वेची खालची बर्थ सगळ्यात बरी.

निघण्याआधी एकदा लघवी झालीच पाहिजे. पाठीत भूल दिली असेल तर काही जणांना पहिल्या सहा-आठ तासांत लघवी सुटत नाही. ते तिथंच सुटलेलं बरं, घाटात नव्हे. त्याच भुलीमुळे एक-दोन दिवसांनी डोकं दुखू शकतं. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं, ही त्याची खूण. भरपूर पाणी, चहा-कॉफी आणि आराम, तरीही न थांबल्यास डॉक्टरांना फोन.

पहिले ४८ तास

बर्फ. दर वेळी १५ मिनिटं, मग तासभर सुट्टी, जागेपणी. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, रुमालात गुंडाळूनच. आमच्याकडे बंदरावर बर्फाला तोटा नाही, पण तो मासळीचा. घरच्या फ्रीजमधलाच वापरा, नाहीतर मांजरं मागं लागतील. टॉवेलची गुंडाळी आडवं झाल्यावरही पिशवीखाली ठेवायची.

शेक नाही. यावर माझं आजीशी भांडण झालं. तिला एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधायची होती. उष्णतेनं शिरा रुंदावतात, रक्त जास्त येतं, सूज वाढते. हळद, खोबरेल, झाडपाल्याचा लेप, यातलं काहीही ताज्या टाक्यांवर लावू नका.

दुखण्यासाठी लिहून दिलेली गोळी पहिले दोन-तीन दिवस वेळेवर घ्या, दुखायची वाट बघू नका. ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्यानं रक्त पातळ होतं. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती परत कधी सुरू करायची ते सर्जनलाच विचारा, मेडिकलवाल्याला नाही.

अंथरुणाला खिळून राहायचं नसतं. त्याच संध्याकाळपासून घरातल्या घरात, दुसऱ्या दिवशी अंगणात चालायचं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हे लागतंच. पाखाडीची घरं असतील तर पहिले तीन-चार दिवस वरच्या रस्त्यापर्यंत जाऊच नका. जांभ्याच्या उंच पायऱ्या चढताना जांघेवर ओढ बसते, आणि उतरताना जास्त.

टाके, आंघोळ आणि आपला घाम

दोन दिवसांनी अंगावर साधं पाणी घेऊन आंघोळ करायला बहुतेक सर्जन परवानगी देतात. टाके आतल्या आत विरघळणारे असतील तर काढावे लागत नाहीत. आंघोळीनंतर जखम टिपून कोरडी करायची, चोळायची नाही. समुद्र, खाडी, विहीर, वहाळ, कुठंच डुंबायचं नाही, जखम पूर्ण भरेपर्यंत. दोन आठवडे तर नाहीच, समुद्राला मी तीन सांगेन.

पुण्या-मुंबईच्या सूचनांमध्ये एक गोष्ट नसते, ती म्हणजे दमट हवा. आमच्याकडे मे महिन्यात उभ्या जागी घाम निथळतो आणि पावसात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. पिशवीला आधार द्यायचा सपोर्टर घट्ट, चोवीस तास घातला की जांघेत आठवडाभरात नायटा धरतो, मग खाज, मग खाजवणं, मग टाका पिकणं. म्हणून सुती सपोर्टर निदान तीन घ्या, दिवसातून दोनदा बदला, पावसाळ्यात वाळत घातलेला इस्त्री फिरवून कोरडा करा. सपोर्टरनं पिशवी उचलून धरायची असते, आवळायची नसते. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. लंगोट म्हणूनच नको, बांधताना माणूस तो आवळतोच. साधारण दोन आठवडे सपोर्टर, पुढं घट्ट बसणारी साधी चड्डी चालते.

तारीख अजून घ्यायची असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा काळ. होडीवर जाणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून तेव्हा मोकळा वेळ मिळतो, पण ओल सांभाळावी लागते. आंब्यावाल्यांनी मार्च ते मे विसरावं. आणि शिमग्याच्या आधीच्या महिन्यात ऑपरेशन करून पालखी खांद्यावर नाचवायला जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

पोट साफ राहणं हे अर्धं औषध

कुंथताना पोटातला दाब थेट त्या शिरांवर येतो. भूल, गोळ्या आणि बैठं राहणं, तिघं मिळून पोट धरून ठेवतात. दुखण्यासाठी ट्रामाडॉलसारखी जोरदार गोळी असेल तर हमखास. उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, पिकलेली पपई, लाल भोपळ्याची भाजी, भरपूर पाणी. तरी तिसऱ्या दिवशी झालं नाही तर इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सौम्य रेचक. शक्य असेल तर पहिले काही दिवस कमोडची खुर्ची वापरा, उकिडवं बसताना टाक्यांवर ताण येतो.

मासे? 'मासे खाल्ले की टाका पिकतो' हे मला किमान सहा जणांनी सांगितलं. टाका पिकतो तो जंतूंनी, बांगड्यानं नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि आपल्याकडे ती माशांतच स्वस्त मिळतात. तिखटजाळ तळलेलं चार दिवस टाळा, तेही पोटासाठी. साधं तिरफळ घातलेलं कालवण खुशाल खा. दारू मात्र गोळ्या संपेपर्यंत बंद.

कामावर कधी?

खुर्चीतलं काम, दुकानाचा गल्ला, शाळेत शिकवणं: चार-पाच दिवस ते आठवडा. मोटरसायकल दहा दिवसांनी, तेही चांगल्या रस्त्यावर. गाडी चालवायची कसोटी अशी: बंद गाडीत बसून जोरात ब्रेक दाबून पाहा, जांघेत कळ आली तर अजून नाही.

वजनाचं मोजमाप घरातल्या वस्तूंत सांगतो, कारण किलोत कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिले दोन आठवडे पाच किलोच्या वर काही नाही, म्हणजे छोट्या बादलीत अर्धं पाणी ही मर्यादा. पाण्यानं भरलेला हंडा दहा-पंधरा किलोचा, आंब्यांनी भरलेला क्रेट वीसच्या आसपास, सिलिंडर तीस. हे सगळं चार आठवड्यांनंतर, आणि त्यातही हंडा आधी, सिलिंडर सगळ्यात शेवटी. माडावर चढणं, रापणीचं जाळं ओढणं, होडी किनाऱ्यावर चढवणं, नांगर धरणं या सगळ्यांत श्वास रोखून जोर लावावा लागतो; चार ते सहा आठवडे थांबा आणि सर्जनला नेमकं काम सांगून विचारा. नुसतं 'शेती करतो' म्हटलं तर त्यांना काय कळणार की तुम्ही झेल्यानं (लांब काठीच्या जाळीनं) आंबे काढता की ट्रॅक्टरवर बसता.

शरीरसंबंध साधारण दोन आठवड्यांनी, दुखत नसेल तर. पहिल्या वेळी थोडी ओढ जाणवेल. सकाळी आपोआप ताठरता येते तेव्हाही पहिल्या आठवड्यात दुखतं, ते नेहमीचं आहे.

काय चालेल, आणि काय दिसलं की निघायचं

पिशवी आणि लिंगाच्या बुडाशी जांभळं-निळं होणं हे बघून मी पहिल्यांदा हादरलो. ते खाली उतरलेलं रक्त असतं. हिरवं, मग पिवळं होत दोन आठवड्यांत जातं. छेदाखाली बोटाएवढी कडक वळी लागते, ती भरणाऱ्या जखमेची असते आणि दोन-तीन महिने राहू शकते. मांडीच्या आतल्या बाजूला किंवा पिशवीच्या कातडीला बधिरपणा येतो, कारण तिथल्या बारीक नसा दुखावतात. बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, क्वचित थोडा उरतो. बांधलेल्या शिरा आत गोठतात, त्यामुळे दोरीसारखं कडक काहीतरी काही आठवडे हाताला लागत राहतं.

पण सूज तासातासानं वाढत असेल आणि पिशवी ताणून चकचकीत दिसत असेल तर वाट बघू नका. छेदाभोवती लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, ताप १०१ च्या वर गेलाय, गोळी घेऊनही दुखणं वाढतंय, आठ तास लघवी झालेली नाही, यांपैकी काहीही झालं तरी त्याच दिवशी दाखवा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर कुठलंही जवळचं इस्पितळ गाठा, आपल्या सर्जनचाच आग्रह धरू नका. रात्रीच्या वेळी १०८ ला फोन करा, तालुक्यापासून लांब असाल तर लवकर करा.

पावसाळ्यातल्या तापाची एक वेगळी गोष्ट. टाके कोरडे, स्वच्छ, आणि ताप मात्र जोरात, अंग मोडून आलंय, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल: हा जखमेचा ताप नसावा. आमच्या भागात लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), डेंगी, मलेरिया तिन्ही असतात. डॉक्टरांना ऑपरेशनही सांगा आणि चिखलात उतरलात का तेही सांगा. ताजा छेद घेऊन लावणीच्या पाण्यात उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तो कुणी करू नये.

महिन्यांनंतर उगवणाऱ्या गोष्टी

हायड्रोसील हा यातला मुख्य त्रास. शिरांबरोबर लसिकावाहिन्याही (तिथलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) बांधल्या गेल्या तर वृषणाभोवतीचं पाणी निचरा न होता साठतं. हळूहळू, न दुखता, काही आठवड्यांनी किंवा वर्षभरानंही. डॉक्टर अंधारात बॅटरी धरून पाहतात. पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते, तळहातामागे बॅटरी धरल्यासारखी. छोटं असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, मोठं झालं तर छोटं ऑपरेशन. सुई टोचून पाणी काढण्याचा आग्रह धरू नका, ते बहुधा परत भरतं. हत्तीरोगानंही हायड्रोसील होतं, म्हणून पूर्वी कधी त्याच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही सांगा.

शिरा परत फुगल्या की नाही, हे तीन महिन्यांआधी स्वतः चाचपून ठरवू नका. गोठलेल्या शिरा हाताला तशाच लागतात. रोज आंघोळीला चाचपणारा माणूस रोज घाबरतो. तीन महिन्यांनी उभं करून, जोर करायला लावून तपासतात, गरज पडली तर डॉपलर सोनोग्राफी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी) करतात. परत आलं असेल तर एम्बोलायझेशन किंवा मायक्रोस्कोपचं ऑपरेशन हे मार्ग असतात.

वृषण आक्रसणं फार क्वचित घडतं. त्याची धमनी चुकून बांधली गेली तरी आणखी दोन बारीक धमन्या रक्त पुरवत असतात. तरी काही महिन्यांत एक बाजू स्पष्ट लहान वाटली तर दाखवा.

रिपोर्टची घाई

शुक्राणू तयार व्हायला ७० दिवसांच्या वर लागतात, पुढं नळीतून बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस. म्हणून ऑपरेशननंतरचा पहिला वीर्य तपास तीन महिन्यांनी, दुसरा सहा महिन्यांनी. महिन्याभरात करून आणलेला रिपोर्ट जुन्याच मालाचा असतो. तपासाआधी दोन ते सात दिवस संबंध नको, आणि दरवेळी दिवस सारखेच ठेवा म्हणजे तुलना खरी होते. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. गावातून तालुक्याला एसटीनं नेण्याचा खटाटोप करू नका, लॅबमध्येच द्या. साबण किंवा तेल वापरू नका, सांडलं तर सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि एकूण हालचाल ४२ टक्के अशी आहे. या आकड्यांच्या खाली असूनही मुलं होतात आणि वर असूनही अडतं.

ढोबळमानानं दहातल्या सहा-सात जणांचा रिपोर्ट सुधारतो. दुखण्यासाठी ऑपरेशन केलेल्या बहुतेकांचं दुखणं जातं. मूल होईलच असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बायकोच्या तपासण्या समांतर चालू ठेवा. तिचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिने नुसते थांबण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. या काळात गुटखा-तंबाखू सोडा, आणि जिममधल्या पोरांनी दिलेली 'टेस्टोस्टेरॉन'ची इंजेक्शनं अजिबात नको. त्यांनी शुक्राणू वाढत नाहीत, बनणंच थांबतं.

सगळे कागद एका फायलीत ठेवा: डिस्चार्ज कार्ड, आधीची डॉपलर, आधीचा आणि नंतरचा वीर्य रिपोर्ट, शक्यतो एकाच लॅबचे. माझी फाईल भाताच्या कणग्यामागे लपवलेली होती. तिसऱ्या महिन्यात काढायला गेलो तर वाळवीनं आधीचा रिपोर्ट खाल्लेला, आणि डॉक्टरांकडे तुलनेला काहीच नाही. आता ती समोरच्या कपाटात असते, काकीच्या गॅसच्या पुस्तकाशेजारी.